कशेडीपलीकडच्या ठाण्याची आगोट

महाड
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

प्रिय मैना,

आशीर्वाद. इथे आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. काल दुपारी पट आवरताना मी भागोजीरावांना म्हटलं, पुरवठ्याचं काम आता माझ्याच्यानं होणार नाही, ते मैनाकडे द्या. तुझ्या नवऱ्याने खिशातून चष्मा काढला, नियमांची वही उघडली आणि माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन मला सुनावलं, "वयनी, तोंडी चार्ज चालायचा नाय. लेखी पायजे. आनि असा लिवा, का ज्यानं हा पट कधी बघितला नाय त्यालापन समजंल." पोलादपूरच्या स्टँडवर तीस वर्षं एसटीच्या वेळा लिहिलेल्या आणि पुकारलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून लिहिते. दुसरं कारण, तू माझा फोन उचलत नाहीस.

तर नियमाप्रमाणे पहिल्यापासून.

चार वर्षांपूर्वी प्रितम सुट्टीला आला तेव्हा ती पेटी घेऊन आला. डोंगराळ सरहद्दीवरच्या लढाईचा खेळ. षटकोनी घरांचा मोठा नकाशा, सहाशे सोंगट्या आणि शंभर पानांचे इंग्रजी नियम. मुलाने आईबापांना निवृत्तीनंतर शाल आणावी, पोथी आणावी. याने युद्ध आणलं. नियम तू आणि मी वाचले, भागोजीरावांनी ते मराठीत वहीत उतरवले, आणि तुझ्या दादांनी काहीही न वाचता पहिल्याच महिन्यात आपला पूल ताब्यात घेतला. तेव्हापासून दादा शत्रू, भागोजीराव पंच, आणि आपण दोघी एका बाजूला. तू सरहद्दीवरची ठाणेदार, मी पुरवठाप्रमुख. पटावरचा एक महिना म्हणजे आपला एक रविवार.

शत्रूबरोबर एका घरात राहून लढणं सोपं नाही. कोठाराचा तक्ता मी पोह्यांच्या डब्यात ठेवते. मी मागच्या दारी भांडी घासायला गेले की नकाशावर कुणीतरी वाकलेलं असतं. विचारलं तर म्हणतात, "धूळ पुसतोय." चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने दुसरी कुठली धूळ पुसलेली मला आठवत नाही. खेळ झाला की पट गुंडाळून माळ्यावर जातो. सावित्रीच्या पुराचं पाणी काही विचारून घरात येत नाही.

नकाशावरची नावं उच्चारता येईनात म्हणून भागोजीरावांनी त्यांवर कागदाचे तुकडे चिकटवले. रेल्वे जिथे संपते आणि पुढचं सगळं गाडीवानाच्या मर्जीवर असतं, त्या गोदामाला आपल्या स्टेशनाचं नाव, वीर. दारूगोळा आणि औषधं जिथे बनतात ते एमआयडीसी. वर्षातून काही महिने हमखास बंद पडते ती खिंड, तिला आपल्या घाटाचं नाव, कशेडी. आणि कशेडीपलीकडे, नकाशाच्या अगदी कडेला, जिथे तुझ्या सहा तुकड्या बसल्या होत्या, त्याला भागोजीरावांना नाव सुचलं नाही. ते नुसतं ठाणं.

ठाणं आणि वीर यांच्यात फोन नाही. म्हणजे तू आणि मी खेळाबद्दल फोनवर बोलायचं नाही, चिठ्ठी पंचाकडे द्यायची, असा नियम. तो आपण दोघींनी पाळला. कोठारात किती शिल्लक हे ठाणेदाराला कळत नाही. ते पुरवठाप्रमुखाने कळवायचं आणि ठाणेदाराने त्यावर विश्वास ठेवायचा, हाही नियम. तो तू पाळलास.

काम का सोडते, हे चार्जपत्रात लिहावं लागतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. सोंगट्यांवरचे बारीक आकडे दिसत नाहीत. तीनाचे आठ होतात.

हवापाण्याचं म्हणशील तर आंब्याला मोहोर चांगला आहे. दादांचा गुडघा तसाच. समोरच्या ठमाबाई रोज विचारतात, "मैनाताय इतवारी दिसली नाय ती?" मी सांगते, लग्नसराई आहे. तू दिलेलं कुळथाचं पीठ संपत आलं. यांना दुसरं पिठलं चालत नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलात आहे. घाई नाही असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते कारण पुरेसं नाही. तू शाळेत तीस वर्षं मुलांची कारणं ऐकलीस, तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता आकडे लिहिते. आकड्यात मला लपता येत नाही, म्हणून आतापर्यंत ते टाळत होते.

तुझ्या सहा तुकड्यांना महिन्याला बारा गाड्या धान्य लागतं. कशेडी तीन महिने बंद, म्हणजे छत्तीस. मी हिशेबाने वर नऊ धरून पंचेचाळीस गाड्या ठाण्याच्या कोठारात भरल्या. भरल्या कधी, तर पटावरच्या मे महिन्यात. एकतीस मेला शेवटची गाडी कशेडी चढली. तुझ्या दादांसमोर मी म्हटलंही होतं, "आमची आगोट भरली. आता येऊ दे काय यायचं ते." तुला आठवत असेल. तूही हसून म्हणालीस, "वयनीची आगोट म्हणजे गणपतीपर्यंत बघायला नको."

मैना, त्या देशात पाऊस नाही. तिथे बर्फ आहे. ती खिंड डिसेंबरात बंद होते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. नियम सतरा मीच तुला समजावून दिला होता. पण माझ्या आईने मे महिन्यात आगोट भरली, सासूबाईंनी भरली, मी चाळीस वर्षं भरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी: तांदूळ, कडधान्य, सुकी मच्छी, कांदे, मीठ, मसाला, लाकडं. सात जूनच्या आत सगळं घरात. कशेडी म्हटलं की ती पावसाळ्यात बंद पडते, तिच्यावर दरड येते, हे माझ्या हातांना ठाऊक आहे. डोकं विचार करायच्या आधी हात भरून मोकळे झाले. उन्हाळ्याचं तुझं रोजचं धान्य दर महिन्याला वेगळं येतच होतं. त्यामुळे ही आगोट जूनपासून नोव्हेंबरपर्यंत नुसती पडून राहिली. आणि नियम सतराच सांगतो की डोंगरावरच्या कोठारात बर्फ पडेपर्यंत दर महिन्याला दहावा हिस्सा उंदीर आणि ओल खाते.

पंचेचाळीसाचे ऑक्टोबरअखेर सव्वीस झाले. नोव्हेंबरात चोवीस. एकवीस गाड्या उंदरांनी खाल्ल्या.

मी औषधाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. आधी आलेला माल आधी बाहेर, हे मी तीन मॅनेजरांना शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की या बाईंच्या मोजणीत एका डब्याचा फरक कधी आला नाही. तेव्हापासून ते वाक्य मी कितीदा सांगितलं असेल, ते तूच मोजून सांगू शकशील.

ऑक्टोबरची मोजणी मी केली तो ११ जानेवारीचा रविवार. नोव्हेंबरभर खिंड उघडी होती. वीरला गाड्या उभ्या होत्या, धान्य होतं. बारा गाड्या चढवल्या असत्या तर काही झालं नसतं. पण जादा मागणी लिहिताना कारण लिहावं लागतं आणि पंच ते मोठ्याने वाचतो. 'नासाडी, पुरवठाप्रमुखाच्या चुकीने.' भागोजीराव ते कसं वाचतील, प्रत्येक अक्षर सुटं करून, फलाट क्रमांकासह, हे मला ऐकू आलं. तुझे दादा पुढचा महिनाभर पोहे खाताना विचारतील, "आज किती घट?" मी मागणी लिहिली नाही.

त्याऐवजी तुला चिठ्ठी लिहिली. ती तुझ्याकडे असेल, तू कागद टाकत नाहीस. तरी इथे उतरवते, कारण चार्जपत्रात सगळं यावं. 'कोठारात चोवीस गाड्या शिल्लक. ठाण्याचा वापर मंजुरीपेक्षा जास्त झालेला दिसतो. तुझं तू भागव.'

तुझं उत्तर आलं, 'वहिनी, मी आगोटीला हात लावलेला नाही. पण तुम्ही म्हणता तर आकडा बरोबरच असेल.'

ते मी पोह्यांच्या डब्यात ठेवलं. तक्त्याच्याही खाली.

मग तू जे केलंस ते गणित म्हणून अचूक होतं. बारा गाड्या कमी म्हणजे दोन तुकड्यांचं तीन महिन्यांचं खाणं. चार तुकड्यांना चोवीस बरोबर पुरतात. एक डिसेंबरला तू दोन तुकड्या खाली पाठवल्यास, बर्फातून. भागोजीरावांनी फासे टाकले. दोन्ही तुकड्या कशेडीत राहिल्या. त्यांनी दोन सोंगट्या उचलून पेटीच्या झाकणात ठेवल्या तेव्हा तू तिकडे बघितलंसुद्धा नाहीस.

तो २५ जानेवारीचा रविवार. तुझ्या दादांनी विचारलं, "असं कसं झालं? आगोट तर भरलेली होती ना?" प्रश्न मला होता. मी बोलले ते तुला पाठ असेल. "मैनाचा हात पहिल्यापासूनच सैल. कुणी दारात आलं की ताट. असल्या बाईच्या हातात कोठार टिकतं होय?"

चहा अर्धा ठेवून उठलीस. दारात चपला घालताना एवढंच म्हणालीस, "खरं आहे वयनी. हात सैलच आहे माझा."

मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तू फाटकाबाहेर पडलीस आणि मी कप विसळायला घेतला.

२०२१ च्या पुरात आम्ही तुझ्याकडे नऊ दिवस होतो. प्रितम धरून आम्ही तिघं, ठमाबाई, तिची सून आणि दोन नातवंडं, शिवाय ठमाबाईच्या सुनेचा भाऊ, ज्याला आपल्यापैकी कुणीही ओळखत नव्हतं. चिखलाने भरलेल्या अंगाने आम्ही तुझ्या ओटीवर चढलो. मी तुला म्हटलं होतं, "दोन दिवसांत जाऊ." तू म्हणालीस, "जा कधी जायचं ते. आधी अंघोळ करा." भागोजीराव पावसात लाकडं फोडत होते. जुलैतच तुझी आगोट संपली. पुढचे दोन महिने तुम्ही काय खाल्लंत, हे मी कधी विचारलं नाही. तूही कधी सांगितलं नाहीस. माझ्या घरातलं तांदळाचं पिंप तेव्हा चिखलाने भरलं होतं, आणि स्टोअर्सचं सगळं शहाणपण त्या पिंपात बुडालं होतं.

त्या हाताला मी सैल म्हटलं. सगळ्यांसमोर. स्वतःच्या एकवीस गाड्या झाकायला.

हे लिहून झालं. आता बरं वाटतं आहे. चहा करून आले.

तुझ्या दादांबद्दल एक सांगायचं आहे. काल सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता हसा. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. चिवडा शोधत होतो. डब्यात पोह्यांऐवजी कागद निघाले."

म्हणजे ठाणं उपाशी आहे हे शत्रूला माहीत होतं. त्यांच्या दहा तुकड्या नदीपलीकडे उभ्या आहेत. एका रविवारात ठाणं घेता आलं असतं. तरी हा माणूस दर रविवारी भागोजीरावांच्या हातात 'हालचाल नाही' अशी चिठ्ठी देत होता. मी विचारलं, का घेतलं नाहीत? म्हणाले, "मैनाच्या घरचं खाल्लंय. उपाशी असताना तिच्यावर कसा जाणार?" मग सुपारी तोंडात टाकून, "आणि तू कधी बोलतेस ते बघत होतो."

मी त्यांना रागावले. खेळ असा खेळायचा नसतो, हे सांगितलं. मग आत जाऊन जरा बसले.

आता मुद्द्याचं. तू दोन रविवार आली नाहीस. पटावर जानेवारी आणि फेब्रुवारी तुझ्या हुकमाशिवाय गेले. चार तुकड्यांनी शेवटची गाडी काल संपवली. कोठारात आज शून्य आहे. येत्या रविवारी पटावर मार्च लागतो, कशेडी उघडते. पण सलग तीन रविवार ठाणेदाराचा हुकूम नसला तर पंच ठाणं शत्रूला देतो. नियम एकोणतीस. भागोजीराव तुझे नवरे असले तरी तो नियम वाकवणार नाहीत. तू त्यांना घरात विचारून बघितलं असशीलच. आणि मग तुझ्या दादांना नको असलेलं ठाणं घ्यावं लागेल. ठाण्याची मला काळजी आहे. पण तो तिसरा रविवार गेला की तू चौथ्या रविवारी येण्याचं काही कारणच उरणार नाही, याची जास्त आहे. चार वर्षांत रविवारी दुपारी स्टँडवरून येणाऱ्या रिक्षाचा आवाज आणि तुझा आवाज मला वेगळे ओळखू येतात. गेले दोन रविवार नुसत्या रिक्षा आल्या.

म्हणून माझी मागणी अशी. पुरवठा तू घे. ज्या बाईने पाहुण्यांची तोंडं न मोजता नऊ दिवस अन्न पुरवलं, तिच्या हातात गोदाम असावं. ठाणं मला दे. ज्याने कमी पाठवलं त्याने तिथे जाऊन बसावं, हे कुठल्याही कारखान्यात योग्य मानलं जाईल. येत्या रविवारी महाशिवरात्र आहे, मला उपास आहेच; रिकाम्या कोठारात हजर व्हायला तो दिवस बरा. पण ठाणेदार बदलायला जुन्या ठाणेदाराची सही लागते, आणि ती नुसत्या विनवणीने मिळत नाही हे मला समजतं.

तुझ्या दोन तुकड्या पंचाच्या वहीत 'ठाणेदाराचा निर्णय' म्हणून नोंदल्या होत्या. काल मी ती ओळ खोडायला लावली. भागोजीरावांनी लाल पेन्सिलीने लिहिलं, 'पुरवठाप्रमुखाची चूक, कबूल', आणि मोठ्याने वाचलंही. वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. फलाट क्रमांक त्यांनी वगळला.

ठमाबाई तेव्हा ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना युद्धातलं काही कळत नाही. पण म्हणाल्या, "बाय गो, पाऊस कुठं, हिवाला कुठं! मे म्हैन्यात आगोट भरली त्यात चूक ती काय? आमी बी तवाच भरतो." मला फार बरं वाटलं. माझ्या बाजूने उभं राहणारं एक माणूस तरी या महाडात आहे.

तुला अजून रागावायचं असेल तर रागाव. रविवारी येऊन रागाव. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. हे मी लेखी देते आहे.

रिकाम्या कोठाराची मालकीण आणि तरीही तुझीच,

अनुपमा वहिनी

चार्जात दिलेल्या वस्तू, भागोजीरावांच्या हस्ते:

वीर गोदामात धान्य साठ गाड्या, मी स्वतः दोनदा मोजल्या. औषधं चार पेट्या. रिकाम्या गाड्या अठरा, बैल धडधाकट.

ठाण्याच्या कोठारात धान्य: काही नाही. नासाडी एकवीस गाड्या, माझ्या नावावर.

साठ्याचा तक्ता, पहिल्या दिवसापासूनचा, खाडाखोड न करता. तुझी ती चिठ्ठी, 'तुम्ही म्हणता तर आकडा बरोबरच असेल' म्हणणारी, परत.

लाल पेन्सिल एक.

तू २५ तारखेला तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं आणली होतीस तो स्टीलचा डबा एक. आत बेसनाचे लाडू सोळा. पंधरा मोजलेस तर दादांना विचार.

देणार: अनुपमा
घेणार:

पोच

पोलादपूर
गुरुवार, १२ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

वरील माल मिळाला. लाडू चौदा निघाले. एक दादांनी खाल्ला असेल तर दुसरा आणणाऱ्याने खाल्ला. आणणारा म्हणतो, "मी पंच हाय, माझ्यावर संशय घ्यायचा नाय."

डबे दोन होते. कुळथाच्या पिठाचा, हिरव्या झाकणाचा, तुमच्याकडेच राहिला. म्हणजे एका डब्याचा फरक. तक्त्यात तशी नोंद मी केली आहे. डबा रविवारी स्वतः येऊन घेईन.

पुरवठा घेतला. ठाणं दिलं. ठाणेदार म्हणून सही खाली केली आहे.

चार तुकड्यांना महिन्याला आठ गाड्या लागतात. रविवारी पहिला तांडा निघेल, त्यात बारा पाठवते. माझा हात सैल आहे.

घेणार: मैना